द्रावकांचं सोवळं

एप्रिलच्या अखेरीला ज्या राज्यात माणसं हंडे-कळशा घेऊन टँकरमागे धावतात, त्याच राज्यात एक जागा अशी आहे की तिथे पाणी नको नको म्हटलं तरी बारा महिने हजर असतं. ती जागा म्हणजे द्रावकाची बाटली. ॲसिटोनची घ्या, स्पिरिटची घ्या, थिनरची घ्या. नळाला पाणी नसेल त्या दिवशीही बाटलीत ते थोडंफार असतंच.

तसा यात द्रावकाचा फार दोष नाही. दुसऱ्याला आपल्यात विरघळवून घेणं हा त्याचा धर्मच आहे. रंग, लाख, ग्रीस, नखांवरचं पॉलिश, शर्टावरचा डाग, येईल त्याला तो पोटात घेतो. मग दारात आलेल्या पाण्यालाच तेवढं नाही कसं म्हणणार? नाही म्हणायचं काम आपलं. आणि ते आपल्याला जमत नाही, हे तर जगजाहीर आहे.

बाजारातून द्रावक आणण्याचा विधी आधी पाहू. आपण हार्डवेअरच्या दुकानात जातो आणि आत्मविश्वासाने सांगतो, "थिनर द्या."

"एन.सी. की पी.यू.?"

इथे आत्मविश्वास संपतो. मराठी गिऱ्हाइकाकडे अशा वेळी एकच उत्तर असतं. "साधा द्या हो."

दुकानदारही मुरलेला असतो. तो मागच्या ड्रममधून नरसाळ्याने 'साधा' काढतो आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून देतो. बाटलीवर 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर' ही अक्षरं तशीच असतात, आणि आतल्या मालाबाबत ती अगदीच खोटी असतात असंही नाही. (घरी आणल्यावर मात्र ते लेबल आधी फाडावं आणि मोठ्या अक्षरांत 'थिनर' लिहावं. तहानलेली माणसं लेबलच वाचतात.) त्या बाटलीत टोल्युइन असतं, ॲसिटेटं असतात, कीटोन असतात, एखादं अल्कोहोल असतं. प्रमाण ज्याचं त्याचं. गोडा मसाला जसा प्रत्येक घरचा वेगळा, तसं थिनर प्रत्येक कारखान्याचं वेगळं.

टर्पेंटाइनचीही तीच गत. हे नाव मुळात पाइनच्या चिकापासून निघणाऱ्या तेलाचं. पण रंगाच्या दुकानात आज त्या नावाने मिळतं ते बहुतेक वेळा पेट्रोलियममधून आलेलं. पाइनच्या झाडाचा त्याच्याशी संबंध असलाच तर डब्यावरच्या चित्रापुरता. नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली उघडावी तर ॲसिटोनच्या जोडीला पाणी, सुगंध, रंग आणि नखं कोरडी पडू नयेत म्हणून थोडं तेल किंवा ग्लिसरीन. 'ॲसिटोन-फ्री' म्हणून जास्त पैसे देऊन घेतो, त्यात बहुधा एथिल ॲसिटेट असतं.

आता हे सगळं ज्याला कळलं, त्याच्या मनात एक विचार येतोच येतो, 'आपण शुद्ध करून घेऊ या की!' इथून पुढे त्याच्या आयुष्यातली शांतता संपते.

पहिला उपाय सुचतो ऊर्ध्वपातनाचा. कागदावर तो फारच सोपा आहे. ॲसिटोन 56 अंश सेल्सियसला उकळतं, मिथेनॉल 64.7 ला, इथेनॉल 78.4 ला, पाणी 100 ला. म्हणजे तापवत जायचं, ज्याची पाळी येईल त्याने वाफ होऊन निघून जायचं आणि पलीकडे थंड होऊन बाटलीत बसायचं. शाळेतल्या मुलांनी रांगेने वर्गाबाहेर पडावं अशी गुरुजींची अपेक्षा असते. प्रत्यक्षात इथेनॉल आणि पाणी हातात हात घालून बाहेर पडतात. वजनाने 95.6 टक्के इथेनॉल झालं की त्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू 78.2 अंशांवर येतो, म्हणजे निव्वळ इथेनॉलपेक्षाही किंचित खाली. मग द्रवात जे प्रमाण तेच वाफेत. पुन्हा ऊर्ध्वपातन करा, दहादा करा, उरलेलं चार-साडेचार टक्के पाणी जागचं हलत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल तर साधारण 88 टक्क्यांवरच हात टेकतं. रसायनशास्त्रात याला ॲझिओट्रोप म्हणतात. स्पिरिटच्या धंद्यात रेक्टिफाइड स्पिरिट म्हणून जे विकलं जातं, ते याच मुक्कामाच्या आसपास थांबलेलं असतं.

या अडेल पाण्याला हुसकावण्याची युक्ती सिडनी यंग या इंग्रज रसायनतज्ज्ञाने 1902 मध्ये काढली. त्याने मिश्रणात तिसरा गडी घातला, बेंझीन. बेंझीन, इथेनॉल आणि पाणी हे तिघं मिळून 65 अंशांच्या जरा खालीच उकळतात आणि जाताना पाण्याला घेऊन जातात. मागे उरतं कोरडं इथेनॉल, आणि बेंझीनचा अंश. बेंझीनने कर्करोग होतो हे पुढे नीट कळलं. म्हणजे निरुपद्रवी पाणी घालवण्यासाठी आपण काय बोलावलं होतं, तर हे! पुढे त्याच्या जागी सायक्लोहेक्झेन आलं.

इथे विनोद बाजूला ठेवून एक सांगायला हवं. डिनेचर्ड स्पिरिटमध्ये विष मुद्दाम घातलेलं असतं, ते पिता येऊ नये म्हणूनच, आणि उकळून, गाळून, कोळशातून काढून ते पिण्याजोगं होत नाही. मिथेनॉल नुसत्या चवीवरून ओळखू येत नाही. 2015 च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरावर माणसं गेली. या बाबतीत घरगुती संशोधनाला जागा नाही.

आणि ऊर्ध्वपातनही घरच्या गॅसवर करण्याची गोष्ट नाही. ॲसिटोनचा ज्वलनांक उणे 20 अंशांच्या आसपास आहे. म्हणजे फ्रीजरमधून काढलेल्या ॲसिटोनवरची वाफही ठिणगी मिळाली तर पेट घेते. ईथरची वाफ हवेच्या अडीचपट जड. ती टेबलावरून खाली उतरते, जमिनीवरून सरपटत पलीकडच्या टेबलाखालचा बर्नर शोधून काढते आणि पेटून परत येते.

ऊर्ध्वपातन हरलं की माणूस शोषकांकडे वळतो, म्हणजे पाणी पिणाऱ्या क्षारांकडे. इथे प्रत्येकाची खोड वेगळी. निर्जल कॅल्शियम क्लोराइड स्वस्त आणि पाण्याचं भलतंच हावरं. ते अल्कोहोलमध्ये टाकावं तर पाणी सोडून अल्कोहोललाच मिठी मारतं. सोडियम सल्फेट पाणी पुष्कळ पितं, पण इतकं सावकाश की आपली परीक्षा संपते. मॅग्नेशियम सल्फेट चपळ. आपण औषधाच्या दुकानातून आणतो ते एप्सम सॉल्ट याच घराण्यातलं, फक्त त्याच्या पोटात आधीच पाण्याचे सात रेणू असतात. ते न भाजता द्रावकात टाकणं म्हणजे तुडुंब जेवलेल्या माणसाला पंगतीत बसवणं. कळीचा चुना अल्कोहोल कोरडं करायला जुन्या काळापासून वापरतात. पण म्हणून कोणी पानाच्या डबीतला चुना टाकू नये. तो केव्हाच विरलेला असतो. पाण्याशी भांडायची त्याची उमेद संपलेली असते.

सगळ्यांत बिलंदर म्हणजे ॲसिटोन. ते वाळवायला अल्कधर्मी शोषक घालावा, तर ॲसिटोनचे रेणू एकमेकांशीच जोडले जातात, आणि ती जोडणी पुढे गेली की तिच्यातून काय बाहेर पडतं? पाणी! म्हणजे आपण एका बाजूने उपसतो आहोत आणि ॲसिटोन दुसऱ्या बाजूने नवा झरा फोडतं आहे. ॲसिटोनपुढे म्हणूनच जाणते लोक जपून वागतात.

पण हौशी मंडळींचं हे झालं किरकोळ काम. खरं सोवळं पाहायचं तर कार्बनी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत जावं. तिथे भांडी नुसती धुवून चालत नाहीत. ती रात्रभर ओव्हनमध्ये तापवायची, नायट्रोजनच्या प्रवाहात गार करायची आणि त्यानंतर हवेने त्यांना शिवायचं नाही. दाराशी राखण करायला कॅल्शियम क्लोराइडची नळी. आणि एवढं सगळं झाल्यावर "चालू झालं का रे?" म्हणत कोणीतरी बूच काढून आत डोकावतोच. झालं, विटाळ! पुन्हा पहिल्यापासून.

हा सगळा खटाटोप ज्याच्यासाठी, तो पाहुणा म्हणजे ग्रिन्यार अभिकारक. व्हिक्तोर ग्रिन्यार या फ्रेंच माणसाने तो 1900 मध्ये जगापुढे आणला आणि 1912 मध्ये नोबेल पारितोषिक मिळवलं. मॅग्नेशियमचे तुकडे, कोरडं ईथर आणि एखादं हॅलाइड, बस. त्याला जुलै महिन्यात मुंबईतल्या कॉलेजात एम.एस्सी.चं प्रॅक्टिकल करायचं नव्हतं, ही त्याची पुण्याई. इथे बाहेर पाऊस धो-धो कोसळतो आहे, भिंतींना ओल आली आहे, जर्नलची पानं एकमेकांना चिकटली आहेत आणि फळ्यावर लिहिलं आहे : 'काटेकोर निर्जल परिस्थिती राखावी'. हिशेब सरळ आहे. एक ग्रॅम पाणी साधारण 1.35 ग्रॅम मॅग्नेशियमचं काम फुकट घालवतं. मुलं फ्लास्क तळहातांनी ऊबवतात, आयोडीनचा खडा टाकतात, काचेच्या दांड्याने मॅग्नेशियम चेचतात, देवाचं नाव घेतात. शेवटी प्रयोगशाळेतले मामा येतात, फ्लास्क उजेडाकडे धरून पाहतात आणि निकाल देतात, "ईथर ओलं आहे." मामांना हे कसं कळतं, हे कुठल्याही पुस्तकात दिलेलं नाही. पण ते चुकत नाहीत.

नागपूरकरांची तऱ्हा याच्या उलट. तिथे मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत, ग्रिन्यारला साजेशी. पण ईथर उकळतं 34.6 अंशांना आणि नागपूरचा पारा चाळिशीच्या पुढे. बाटली उघडली की ईथर पृथक्करणाची वाट न पाहता निघून जातं. कोरडं ईथर मिळतं खरं, फक्त ते हवेत मिळतं.

ईथर कोरडं करण्याची पूर्वापार रीत सोडियमची. रॉकेलमध्ये बुडवलेला सोडियम काढायचा, टिपायचा, चाकूने कापायचा, दाबयंत्रात घालून त्याची तार थेट ईथरच्या बाटलीत पाडायची. त्याहून कडक व्रत म्हणजे सोडियम आणि बेंझोफिनोन. द्रावक या दोघांबरोबर तासन्‌तास उकळत ठेवायचं. पाणी आणि ऑक्सिजन पुरेसे गेले की गडद निळा-जांभळा रंग उमटतो. ज्या प्रयोगशाळेचं स्टिल निळं, तिथल्या विद्यार्थ्याची मान ताठ. सिनियर मंडळी नव्या मुलाला हा रंग अशा थाटात दाखवत की त्यानेही नकळत चपला बाहेर काढाव्यात. या सोवळ्याला एक कडक अपवाद होता : क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेन सोडियमच्या आसपासही न्यायचं नाही. तिथे कोरडेपणा येत नाही, स्फोट येतो.

या निळ्या रंगाला बोल लावायची हिंमत बराच काळ कोणी केली नाही. पाणी मोजायची सोय मात्र केव्हाच झाली होती. कार्ल फिशर या जर्मन रसायनतज्ज्ञाने 1935 मध्ये आयोडीन, सल्फर डायऑक्साइड, पिरिडीन आणि मिथेनॉल वापरून पाणी मोजण्याची पद्धत दिली होती. तिला पिरिडीनचा असा काही वास यायचा की दहा लाखांत किती भाग पाणी आहे हे कळेपर्यंत मोजणारा अर्धमेला व्हायचा. 2010 मध्ये जोहान्सबर्गच्या विल्यम्स आणि लॉटन या दोघांनी याच पद्धतीने निरनिराळ्या शोषकांची रीतसर परीक्षा घेतली आणि निकाल 'जर्नल ऑफ ऑर्गॅनिक केमिस्ट्री'त छापला. टेट्राहायड्रोफ्यूरान या लाडक्या द्रावकात सोडियम-बेंझोफिनोनच्या निळ्या तपश्चर्येनंतर जितकं पाणी उरलं, त्याहून कमी पाणी तीन ॲंगस्ट्रॉमच्या मॉलिक्युलर सीव्हमध्ये ते द्रावक गुपचूप ठेवून दिल्यावर उरलं. म्हणजे आग नाही, उकळणं नाही, रात्रीचा पहारा नाही. छोटे मणी बाटलीत टाकून माणसाने घरी जाऊन झोपावं. निळा रंग खोटं बोलत नव्हता. पाणी पुरेसं कमी झालं, एवढंच तो सांगत होता. किती कमी, हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

हे मणी म्हणजे रेणूंची चाळण. त्यांची छिद्रं अशी मोजून केलेली की पाण्याचा रेणू आत शिरतो आणि इथेनॉलचा थोराड रेणू दाराबाहेर राहतो. ओले झाले की अडीचशे-तीनशे अंशांवर तापवून पुन्हा वापरायचे. दुहेरी काचेच्या खिडकीत दोन काचांमध्ये वाफ धरू नये म्हणून चौकटीत असेच मणी भरतात. आणि हीच चाळण आज महाराष्ट्राच्या उसाच्या पट्ट्यात मनोऱ्याएवढी उभी आहे. मळीपासून निघालेलं स्पिरिट 95 टक्क्यांच्या आसपास अडून बसतं. पेट्रोलमध्ये मिसळायचं तर ते कोरडं हवं. मग त्याची वाफ या मण्यांच्या मनोऱ्यांतून सोडतात आणि 99.5 टक्क्यांच्या वरचं इथेनॉल हाती येतं. सिडनी यंगला ज्यासाठी बेंझीन लागलं, ते काम आता साखर कारखान्याची डिस्टिलरी मण्यांवर उरकते. एवढं कोरडं करायचं कारणही व्यवहाराचं आहे. टाकीत पाणी जास्त झालं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसतं. मग गाडी रस्त्यात उभी राहते आणि आपण मेकॅनिकला म्हणतो, "कालच तर भरलं होतं!"

इथवर वाचून कोणाचा असा समज होईल की पाणी म्हणजे शत्रू आणि जितकं शुद्ध तितकं चांगलं. तर तसंही नाही. क्लोरोफॉर्मच्या बाटलीत कारखानदार अर्धा-एक टक्का इथेनॉल स्वतःहून घालतो. ही भेसळ नव्हे, उपकार आहे. ते काढून क्लोरोफॉर्म अगदी निर्मळ केलं आणि उजेडात, हवेत ठेवलं, तर त्यातून हळूहळू फॉस्जीन तयार होतं. पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला, तोच हा वायू. ईथरमध्ये आणि टेट्राहायड्रोफ्यूरानमध्येही असाच एक राखणदार घातलेला असतो. सोवळ्याच्या भरात त्याला काढून टाकलं की हवेच्या संगतीने पेरॉक्साइड साठू लागतात आणि असं जुनं ईथर शेवटच्या थेंबापर्यंत उकळायला गेलेल्या माणसासकट टेबल उडतं. म्हणून जुनी बाटली आधी पेरॉक्साइडसाठी तपासावी आणि ऊर्ध्वपातनात तळ कधी गाठू नये.

अल्कोहोलचंच पाहा. 2020 मध्ये सॅनिटायझरसाठी रांगा लागल्या तेव्हा "आमच्याकडचं 99 टक्के आहे" म्हणून मिरवणारी माणसं सोसायटीसोसायटीत निघाली. जंतूंना मात्र 70 टक्के जास्त जड जातं. प्रथिनं मोडायला अल्कोहोलला पाण्याची मदत लागते, आणि निव्वळ अल्कोहोल तर हातावरून काम होण्याआधीच उडून जातं. म्हणजे ज्या पाण्याला हाकलण्यासाठी डिस्टिलरीने मनोरे उभारले, तेच पाणी इस्पितळात मापाने परत घालतात.

आणि कधी कधी तर बाटलीतलं द्रावक कोरडं असूनही पाणी गाठतंच. पावसाळ्यात कपाटावर लॅकर मारून घेतलेल्यांना हे ठाऊक आहे. संध्याकाळी आरशासारखं चमकणारं दार सकाळी दुधी होऊन बसतं. मालक म्हणतो थिनरमध्ये पाणी होतं. दुकानदार म्हणतो लाकूड ओलं होतं. पेंटर म्हणतो कंपनीचा माल आता पहिल्यासारखा राहिला नाही. खरा आरोपी त्या वेळी खिडकीबाहेर कोसळत असतो. थिनर भराभर उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं, पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर उतरतं. मुरलेला पेंटर थिनर वाळवत बसत नाही. तो त्यात सावकाश उडणारं रिटार्डर घालतो, नाहीतर सरळ सांगतो, "दसऱ्यानंतर बोलवा, साहेब." अख्ख्या द्रावकशास्त्रातला हा सर्वांत शहाणा सल्ला आहे.

तात्पर्य एवढंच की द्रावकात पाणी आहे का, हा प्रश्न व्यर्थ आहे. ते आहेच. विचारायचं ते हे की आपल्या कामाला किती चालेल. ब्रश धुवायचा असेल तर दुकानातलं 'साधा' पुरे. सर्किट बोर्ड पुसायचा असेल तर 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल विकत मिळतं, ते घरी वाळवण्यापेक्षा स्वस्त पडतं. ग्रिन्यार करायचा असेल तर तो प्रयोगशाळेत करावा, सीव्हवर ठेवलेल्या ईथरने आणि शक्यतो पाऊस थांबल्यावर. आणि द्रावक कोरडं ठेवण्याचा सगळ्यांत जुना, बिनखर्चाचा आणि सर्वांत कमी वापरला जाणारा उपाय ज्याच्या त्याच्या हातात आहे : काम झालं की बाटलीचं झाकण घट्ट लावा.